स्वीकृत नगरसेवकपद, प्राध्यापकाची नोकरी आणि भाऊंचा निरोप

पत्र : मी जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात राज्यशास्त्राचा सहयोगी प्राध्यापक आहे. वय ४७, नोकरी १६ वर्षांची. नगरपालिकांच्या अर्थकारणावर पीएच.डी. केली असून ‘स्थानिक स्वशासन’ हा पेपर पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. पालिकेच्या निवडणुकीनंतर एका गटाच्या नेत्यांनी, ज्यांना गावात सगळे भाऊ म्हणतात, मला स्वीकृत, म्हणजे निवडणूक न लढवता नेमलेला, नगरसेवक होण्याबद्दल निरोप पाठवला आहे. मित्र म्हणतात, नोकरीचा राजीनामा द्या आणि पुढच्या वेळी सरळ निवडणूक लढवा. साने गुरुजींनीही अमळनेरची नोकरी सोडलीच होती. पत्नीचे म्हणणे, हा चिखल अंगावर घेऊ नका. धाकटा भाऊ आमच्या एकत्र कुटुंबाचे हार्डवेअरचे दुकान पाहतो आणि तेथून पालिकेला अधूनमधून माल जातो. काही ठेकेदारांची मुले माझ्या वर्गात आहेत. पुस्तकी माणसाचा पालिकेत खरोखर उपयोग असतो का? मी काय करावे? – एक प्राध्यापक

प्राध्यापक महोदय, सप्रेम नमस्कार.

पुस्तकी माणसाचा पालिकेत उपयोग असतो का, हा आपला प्रश्न पत्रात शेवटी आला असला तरी तोच आधी घ्यावा लागेल, कारण त्याचे उत्तर नकारार्थी असेल तर नोकरी, रजा आणि दुकान यांचा खल करण्यात अर्थ उरत नाही. माझे उत्तर असे की उपयोग असतो आणि चांगलाच असतो. मात्र ज्या कारणासाठी आपल्याला बोलावले जात आहे त्या कारणासाठी तो नसतो. भाऊंना बहुधा गटात एक पीएच.डी. झालेले नाव हवे आहे, ज्याने सभागृहात चार वाक्ये नेटकी बोलावीत, पत्रकाचा मसुदा करून द्यावा आणि ज्याच्याकडे पाहून शिकल्यासवरल्या वस्तीतल्या मतदारांना बरे वाटावे. पालिकेला मात्र कागद वाचणारा माणूस हवा असतो, आणि तो तिथे फार दुर्मीळ असतो. हे मत मुख्याधिकारी, म्हणजे पालिकेचा प्रशासकीय प्रमुख, म्हणून नोकरी केलेल्या माणसाचे आहे, तेव्हा त्यात टेबलाच्या माझ्या बाजूचा कल असणार हे आपण धरून चालावे.

माझ्या नोकरीत दोन शिक्षक-नगरसेवकांशी जवळून संबंध आला. पहिले वक्ते होते. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वशासनाविषयीचा १८८२ चा ठराव, विकेंद्रीकरणाचे तत्त्वज्ञान, ७४ वी घटनादुरुस्ती हे सारे ते सभागृहात इतक्या ओघाने सांगत की पाणीपुरवठ्याचा विषय निघेपर्यंत निम्मे सदस्य चहाला गेलेले असत. आणि ज्या ठरावाला अनुमोदक म्हणून ते स्वतः सही करत त्याची टिप्पणी, म्हणजे कार्यालयाने विषयासोबत जोडलेले माहितीचे टिपण, मात्र त्यांनी वाचलेली नसे. दुसरे अर्थशास्त्र शिकवत. ते सभेत फारसे बोलत नसत, पण दर महिन्याला पाणीपुरवठा विभागात येऊन पंपिंग स्टेशनच्या वीजबिलाची प्रत मागत आणि एका वहीत आकडे उतरवून घेत. काही महिन्यांनी त्यांनी दाखवून दिले की बिलात पॉवर फॅक्टर (विजेच्या वापराची कार्यक्षमता) कमी असल्याबद्दलचा दंड दरमहा लागतो आहे, कारण तो सुधारणारी पंपाची उपकरणे, म्हणजे कपॅसिटर, बंद पडलेली आहेत. बिल जात होते लेखापालाकडे, कपॅसिटर होते पंपचालकाच्या ताब्यात, आणि या दोघांची त्या विषयावर गाठ पडण्याचा कधी प्रसंगच येत नव्हता. कपॅसिटर बदलले, दंड थांबला. गावातल्या कोणत्याही कोनशिलेवर त्या सरांचे नाव नाही.

आपला प्रबंध अर्थकारणावर आहे म्हणून हे सविस्तर लिहितो. पालिकेच्या सभेचा अजेंडा हाती आला की त्यात पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा असतो आणि शेवटचा ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असा असतो. बहुतेक सदस्य या दोहोंच्या मधले विषय पाहतात, त्यातही आपल्या प्रभागाचे नाव कुठे आले आहे तेवढेच. खरी मेख पुष्कळदा दोन्ही टोकांना असते. मागील सभेत जे बोलले गेले आणि इतिवृत्तात जे लिहिले गेले त्यांत फरक असेल तर तो इतिवृत्त कायम होण्यापूर्वीच सांगावा लागतो, नंतर सांगून काही उपयोग होत नाही. आणि ऐनवेळचा विषय टिप्पणीशिवाय येतो, म्हणून तो कोणी कशासाठी आणला हे विचारणारा एक तरी माणूस सभागृहात जागा असावा लागतो. एकाच रस्त्याचे तीन तुकडे करून तीन स्वतंत्र कामांना मंजुरी मागितली असेल, तर ज्या रकमेपुढे ई-निविदा काढावीच लागते ती मर्यादा चुकवण्याचा तो प्रकार तर नाही ना, हे तिन्ही अंदाजपत्रके शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय समजत नाही. प्रबंधासाठी आपण हेच केले असणार, फक्त तिथे परीक्षक होते आणि इथे ठेकेदार आहेत.

अर्थसंकल्पाचेही तसेच. गतवर्षीची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने शेजारी छापलेले असतात, पण ते आडवे वाचणारे सदस्य मी मोजकेच पाहिले. अर्थसंकल्प शिलकी दिसावा म्हणून घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळेभाडे यांच्या वसुलीचे अंदाज फुगवले जातात, त्या फुगवलेल्या जमेच्या भरवशावर कामे मंजूर होतात, आणि मार्च उलटला की ठेकेदारांची देणी पुढच्या वर्षावर ढकलली जातात. दर चार वर्षांनी व्हावयाची करआकारणीची फेरतपासणी किती वेळा पुढे ढकलली गेली, थकबाकीत वसूल होण्याजोगी रक्कम किती आणि पडून गेलेल्या घरांच्या नावावर नुसतीच चालत आलेली मागणी किती, स्थानिक निधी लेखापरीक्षेतील कोणते आक्षेप वर्षानुवर्षे ‘अनुपालन सादर करण्यात येत आहे’ या एका वाक्यावर जिवंत ठेवले आहेत, या प्रश्नांना राजकारणाचा रंग नसतो, म्हणूनच ते विचारणारा माणूस सर्व गटांना थोडा थोडा उपयोगी पडतो. शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये मतदान होईपर्यंत राज्यातील बहुतेक पालिकांवर दीर्घकाळ प्रशासक होते. त्या काळात सभागृहाचे अधिकार एकाच अधिकाऱ्याने वापरले आणि त्याने केलेल्या ठरावांवर कोणतीही चर्चा नोंदली गेलेली नाही. ते ठराव क्रमाने वाचून कोणत्या कामाची देयके अजून बाकी आहेत आणि कोणती जबाबदारी नव्या सभागृहाच्या गळ्यात आली आहे याचे एक टिपण कोणी केले, तर तीच पहिली मोठी सेवा होईल. मुख्याधिकाऱ्याला असा सदस्य आवडतो का, असे आपण विचाराल. पहिल्या वर्षी आवडत नाही.

शिक्षणक्षेत्रातील माणसे स्थानिक कारभारात आली तेव्हा काय घडले याचे दाखले आपण वर्गात देतच असाल. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०२ साली बाहेर पडले; केंद्रीय कायदेमंडळातील त्यांची अर्थसंकल्पावरची भाषणे सर्वांना ठाऊक असतात, पण पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले होते, याची आठवण फार थोड्यांना असते. धनंजयराव गाडगीळ १९३० पासून १९६६ पर्यंत गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते आणि त्याच काळात, संचालकपद न सोडता, विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासोबत प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. साखर कारखाना म्हणजे पालिका नव्हे हे मान्य आहे. परंतु शेतकऱ्यांच्या सभेत बसून हिशेब समजावून सांगणारा अर्थशास्त्रज्ञ पुण्यातली आपली खुर्ची राखूनही हे काम करू शकला, एवढा मुद्दा आपल्या निर्णयाला पुरेसा आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून जवळचा दाखला परदेशातला आहे. शिकागो विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स मेरियम १९०९ मध्ये त्या शहराच्या नगरपरिषदेवर निवडून आले आणि शहराच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या आयोगाचे प्रमुख झाले. आयोगाने खरेदीतील आणि कंत्राटांतील उधळपट्टी उघडकीस आणली, त्यामुळे त्यांचे नाव झाले, आणि त्या नावाच्या बळावर १९११ मध्ये त्यांनी महापौरपदाची निवडणूक लढवली व ते हरले. १९१३ मध्ये ते पुन्हा परिषदेवर आले. या सगळ्या काळात त्यांनी विद्यापीठ सोडले नाही, आणि पुढे अमेरिकन राज्यशास्त्राला प्रत्यक्ष राजकारणाच्या निरीक्षणाकडे वळवणाऱ्यांत त्यांची गणना झाली. त्यांचा ठसा उमटला तो बिलांच्या तपासणीत, आणि महापौरपदाच्या पराभवानंतर त्यांना परतायला वर्ग शिल्लक होता. बोगोटाचे अंतानास मोकुस यांची कथा निराळी आहे. विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेला हा गणित-तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक १९९५ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये महापौर झाला, रहदारीला शिस्त लावण्यासाठी त्याने चौकाचौकांत मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले, आणि पाणीटंचाईत दूरचित्रवाणीवर स्वतः आंघोळ करत, साबण लावताना नळ कसा बंद ठेवावा हे दाखवले. मे महिन्यात आपल्याकडच्या एखाद्या नगराध्यक्षाने असे केले तर लोक आधी विचारतील की यांच्या घरी नळाला पाणी आलेच कसे.

आता स्वीकृत सदस्यत्वाकडे येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-आर (243R) मध्ये नगरपालिका प्रशासनाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्तींना प्रतिनिधित्व देण्याची मुभा आहे आणि अशा व्यक्तींना सभेत मतदानाचा अधिकार नसेल हेही तिथेच लिहिले आहे. प्रत्यक्षात या जागा गटांच्या संख्याबळानुसार वाटल्या जातात आणि तिकीट हुकलेल्या किंवा निवडणुकीत पडलेल्या कार्यकर्त्याची सोय लावण्यासाठी वापरल्या जातात, हे खान्देशात काय आणि इतरत्र काय, उघड गुपित आहे. भाऊंनी ती जागा कार्यकर्त्याला न देता आपल्याला देऊ केली यात त्यांचा काही हिशेब असला तरी कायद्याचा मूळ हेतू त्यातून योगायोगाने साधला जातो आहे, आणि असा योगायोग नाकारू नये असे मला वाटते. मत नाही याचे वाईट वाटून घेऊ नका. पक्षादेशाची धार मतदानाच्या वेळी लागते, १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा डोक्यावर टांगलेला असतो तोही मुख्यतः त्यासाठीच. ज्याला मतच नाही त्याला उपाध्यक्षनिवडीच्या आदल्या रात्री कोणी सहलीला नेत नाही आणि ठरावाच्या वेळी त्याच्या हाताची किंमत कोणी ठरवत नाही. आपल्या हाती उरते ते बोलणे, लेखी प्रश्न आणि टिपण. प्राध्यापकाला सवय असलेली साधने तीच आहेत.

मात्र होकार देण्यापूर्वी भाऊंशी एकदा समोरासमोर बोला, निरोप्यामार्फत नको. त्यांना स्पष्ट सांगा की अर्थसंकल्पावर आणि लेखापरीक्षेवर आपण जे वाटेल ते लिहून देणार, त्याची पहिली प्रत गटाला मिळेल, पण ते टिपण सभागृहात मांडायचे नाही असे कोणी सांगितलेले चालणार नाही. भाऊ लगेच “सर, तुम्ही म्हणाल तसं” म्हणतील. तेवढ्यावर थांबू नका. एखादे प्रत्यक्ष उदाहरण द्या, गटाच्याच माणसाच्या ठेक्याचे असले तर अधिक बरे, आणि त्यांचा चेहरा पाहा. ते क्षणभर थांबून “त्याचं आपण नंतर बघू” म्हणाले, तर नम्रपणे नकार कळवावा. ते चिडले आणि मग हसून हो म्हणाले, तर पुढे जायला हरकत नाही.

दुकानाचा मुद्दा आपण पत्रात एका वाक्यात उरकला आहे, पण माझ्या दृष्टीने आपल्या साऱ्या प्रकरणातला सर्वांत नाजूक धागा तोच आहे. महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याच्या कलम १६ मध्ये अपात्रतेची जी कारणे दिली आहेत त्यांत परिषदेच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे हे एक महत्त्वाचे कारण आहे. दुकान धाकट्या भावाच्या एकट्याच्या नावावर आणि मालकीचे असते तर गोष्ट थोडी निराळी झाली असती. आपणच लिहिता की ते एकत्र कुटुंबाचे आहे, म्हणजे त्यात आपला हिस्सा आहे, आणि पालिकेला गेलेल्या प्रत्येक जीआय पाइपच्या बिलात तो हिस्सा शोधणारा विरोधक मिळायला वेळ लागणार नाही. वकिलाचा सल्ला घ्याच, पण वकिलाने कशीबशी वाट काढून दिली तरी ती घेऊ नये असे माझे मत आहे. आपण सदस्य असेपर्यंत दुकानातून पालिकेला, तिच्या ठेकेदाराला किंवा ठेकेदाराच्या उपठेकेदाराला माल जाणार नाही, असे भावाशी आधी ठरवा. भावाला ते जड जाईल. मोबदल्यात वाटणीत त्याला काही झुकते माप द्यावे लागले तरी द्या, पण हे बोलणे घरात, आईवडिलांसमोर आणि पद मिळण्यापूर्वी होऊ द्या. याच अधिनियमाच्या कलम ४४ खाली अनधिकृत बांधकामामुळेही सदस्यत्व जाते, आणि त्यात पती-पत्नी व अवलंबून असणाऱ्यांनी केलेले बांधकामही धरले जाते. तेव्हा बंगल्याची गच्ची झाकताना किंवा पार्किंगच्या जागेत खोली काढताना परवानगी घेतली होती की नाही, तेही पाहून ठेवा. गावात सगळ्यांनीच तसे केले आहे, हे उत्तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालत नाही.

राजीनाम्याबद्दल मित्रांचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले हे खरे. परंतु त्या वाटेवर पुढे तुरुंग होता, पालिकेची बांधकाम समिती नव्हती. परक्या सत्तेविरुद्धच्या लढ्यात उडी घेणे आणि लोकांनी निवडलेल्या संस्थेच्या हिशेबात लक्ष घालणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाला त्यागाचा आव आणला की माणूस लवकरच त्या त्यागाची भरपाई मागू लागतो. ज्याचे घर पालिकेवर चालत नाही त्यालाच पालिकेत ‘नाही’ म्हणता येते. आपली नेमणूक नोव्हेंबर २००५ नंतरची असल्याने जुनी पेन्शन आपल्याला मूळ नेमणुकीच्या अटींनुसार लागू नाही. निवृत्तीनंतरची तजवीज वर्गणीवर अवलंबून आहे आणि ती वर्गणी ४७ व्या वर्षी थांबवणे शहाणपणाचे नाही. पत्नीच्या विरोधामागे चिखलाइतकीच ही चिंता असण्याची शक्यता मला वाटते. त्यांच्याशी बोलताना आधी पगार चालू राहणार आहे हे सांगा, लोकशाहीबद्दल नंतर बोला.

नोकरी ठेवायची म्हणजे परवानगी आली. आपण शासकीय महाविद्यालयात असता तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांच्यापुढे हा विषयच संपला असता, कारण त्यांतला पाचवा नियम राजकारण आणि निवडणुका यांपासून दूर राहायला सांगतो. अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापक संस्थेचा नोकर असतो, त्यामुळे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे परिनियम, संस्थेच्या सेवाशर्ती आणि आपले नेमणूकपत्र हे तिन्ही कागद समोर ठेवून पाहावे, आणि प्राचार्यांमार्फत व्यवस्थापनाकडे लेखी अर्ज करून उत्तरही लेखीच घ्यावे. “अध्यक्ष आपलेच आहेत, तोंडी सांगितलंय” असे म्हणणारे सहकारी प्रत्येक स्टाफरूममध्ये असतात; पुढे अध्यक्ष बदलले की ते तोंडी सांगणे कोणालाही आठवत नाही. अर्जात हेही लिहा की आपला अध्यापनाचा भार कमी होणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहयोगी प्राध्यापकाला आठवड्याला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते, आणि पालिकेच्या सभा तर कामाच्या दिवशी भर अकरा-बारा वाजता लागतात, तेव्हा वेळापत्रकात सकाळच्या तासिका मागून घ्या आणि सभेच्या दिवशीची रजा हजेरीपत्रकावर मांडा. आपल्याविरुद्ध पहिली तक्रार भ्रष्टाचाराची होणार नाही; सर तासाला येत नाहीत, अशी होईल.

ठेकेदारांची मुले वर्गात आहेत, यावर उपाय सोपा आहे आणि तो आपल्या हातात आहे. अंतर्गत गुण देताना त्या मुलांच्या वह्या आणि प्रकल्प विभागातल्या दुसऱ्या सहकाऱ्याकडून तपासून घ्या, व हे विभागाच्या बैठकीच्या वृत्तांतात नोंदवा. मुलांना मात्र त्यांच्या वडिलांच्या कामाची शिक्षा किंवा सवलत यांतले काहीही मिळता कामा नये.

सभागृहात गेल्यावर आपल्याला पहिला धक्का बसेल तो अभ्यासक्रमाचा. पालिकांकडे सोपवता येणारे, राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतले १८ विषय आपण फळ्यावर लिहून देता. तिथे गेल्यावर दिसेल की पाणीयोजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने बांधलेली आहे, विकास योजना नगररचना विभागाच्या टेबलावर आहे, मुख्याधिकारी राज्य शासनाच्या सेवेतला असून त्याची बदली मंत्रालयातून होते, आणि सभागृहाने एकमताने केलेला ठराव जिल्हाधिकारी १९६५ च्या त्याच अधिनियमाच्या कलम ३०८ खाली तहकूब करू शकतात. हे पाहून स्वायत्तता म्हणजे फसवणूक, असा निष्कर्ष काढून दोन वर्षे फक्त तक्रार करत बसलेले विद्वान मी पाहिले आहेत. उरलेल्या जागेतही पुष्कळ काही करता येते. कोणत्या गल्लीत पाणी किती दिवसांआड आणि किती मिनिटे येते, एवढी साधी नोंद रोज ठेवून ती फलकावर लावणे हे संपूर्णपणे पालिकेच्या अखत्यारीत आहे. ती नोंद करायला आपले विद्यार्थी पाठवा, आणि त्यांना अहिराणीत बोलू द्या. “आमनी गल्लीमा पानी येत नही” असे सांगणारी बाई छापील प्रश्नावली पुढे केली की गप्प होते आणि मग ‘समाधानकारक’ या चौकटीत खूण होते.

संस्थेने परवानगी नाकारली किंवा भाऊंशी जमले नाही, तर सार्वजनिक सेवेचे दार बंद झाले असे समजू नये. शिरपूर तालुक्यात भूजल सर्वेक्षणाच्या नोकरीतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने नाले रुंद आणि खोल करून त्यांवर बंधाऱ्यांची साखळी उभी केली. त्या पद्धतीवर जाणकारांत मतभेद आहेत, ते असू देत, पण तज्ज्ञाने निवडणूक न लढवता तालुक्याच्या पाण्याचा प्रश्न हाती घेतला आणि राजकीय नेत्याने त्याला काम करू दिले, ही गोष्ट आपल्याच भागात घडली आहे. आपल्याला ग्रामपंचायतींकडेही वळता येईल. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवलेला होता आणि ४० टक्के मोकळा, तरीही गाव विकास आराखडे अनेक ठिकाणी एकमेकांची नक्कल करून भरले जातात. ते नीट करायला ग्रामसेवकाच्या शेजारी बसणारा माणूस हवा असतो. नंदुरबारच्या सातपुड्याकडील भागात अनुसूचित क्षेत्रांसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला जे अधिकार देतात, त्यांची सोप्या भाषेत माहिती सांगणारे लोक अजूनही कमीच आहेत. धुळ्याकडे पांझरेच्या काठची फड बागायत तर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतः चालवलेली पाणीवाटपाची व्यवस्था आहे. कोणत्या फडात यंदा कोणते पीक घ्यायचे, पाटाचे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने कोणाला कधी पाणी द्यायचे, हे ठरवण्यासाठी तिथे रिपनच्या ठरावाची वाट पाहिली गेली नव्हती. आपल्या ‘स्थानिक स्वशासन’ या पेपराच्या पहिल्या तासाला हा विषय घेतला तर मुलेही कान टवकारतील.

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचा विचार कोणी आपल्या डोक्यात घातला असेल, कारण नाशिक विभागातल्या बहुतेक प्राध्यापकांच्या डोक्यात तो कधी ना कधी येतो, तर तो तूर्त बाजूला ठेवा. ते वेगळे काम आहे आणि त्याला मतदारनोंदणीच्या अर्जांपासून वेगळी तयारी लागते.

आता क्रम असा ठेवावा. या आठवड्यात भावाशी बोलणे, त्यानंतर वकिलाकडे कलम १६ आणि ४४ दाखवून घेणे, मग प्राचार्यांमार्फत अर्ज देऊन त्याची पोच घेणे. भाऊंना तोवर एवढेच सांगा की संस्थेकडे परवानगी मागितली आहे आणि ती लेखी आल्याशिवाय आपले नाव पुढे करू नये. त्यांना घाई असेल आणि ते दुसऱ्या कोणाचे नाव देऊन मोकळे झाले, तर त्यांना तसे करू द्यावे. पालिकेच्या मागील तीन वर्षांच्या अर्थसंकल्पांच्या आणि लेखापरीक्षण अहवालांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागण्याचा अर्ज मात्र त्याच दिवशी टाकावा, कारण त्यासाठी कोणाच्याही नामनिर्देशनाची गरज नाही.